ओट्यावर बसविलेली मुले

(शब्बाथशाळेच्या मोठ्या वर्गासाठी व घरच्या उपासनेसाठी पाठ)

वाचावयाचे शास्त्रभाग : निर्गम १२:२४–२७, अनुवाद २४:१७–२२, याकोब २:१–९, प्रेषितांची कृत्ये ८:२६–४०.

खेड्यापाड्यांतील मंडळ्यांस भेटी देताना एक प्रश्न आम्हांस वारंवार विचारण्यात येतो. वडीलधारी माणसे म्हणतात, “पाळकसाहेब, आमच्या आज्यापणज्यांस शाळेच्या ओट्यावर बसवीत, त्यांच्या ओंजळीत वरून पाणी ओतीत, हे रडगाणे आता मुलांस कशास सांगावयाचे? पोरे शिकली, शहरात नोकरीस लागली. जुन्या जखमेची खपली काढून काय हाती लागणार?” हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. तो विचारणारा बाप आपल्या लेकरावर प्रेम करितो, आणि त्यास कोणापुढे मान खाली घालावी लागू नये एवढेच त्याच्या मनात असते.

तथापि या प्रश्नास पवित्र शास्त्रात उत्तर आहे. मिसर देशातून निघण्याच्या रात्री देवाने इस्राएल लोकांस जी आज्ञा केली तीत मुलांची आठवण आहे. मुले पुढे विचारतील की ही उपासना कशासाठी, आणि तेव्हा बापांनी ती सर्व हकिकत त्यांस सांगावी. विटा थापणाऱ्या गुलामांची आपण संतती आहो ही गोष्ट इस्राएलास झाकून ठेविता आली असती; देवाने ती झाकू दिली नाही. पुढे नियमशास्त्रात परका, पोरका व विधवा यांच्याविषयी आज्ञा देताना मोशे त्यांचे कारणही सांगतो. ते असे की तुम्ही स्वतः मिसरात दास होता, हे विसरू नका. म्हणजे या आठवणीचे हेतू दोन. ज्याने सोडविले त्याचा गौरव व्हावा हा पहिला, आणि सुटलेल्याने दुसऱ्याच्या मानेवर तेच जू ठेवू नये हा दुसरा. आजचा पाठ या दोन हेतूंवर उभा आहे.

१. आमच्या देशातील ओटा

धारवाड हे गाव आज कर्नाटक राज्यात असले तरी पूर्वी मुंबई इलाख्यात होते. तेथे १८५६ साली एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेश मागितला आणि तो नाकारण्यात आला. मुलाने मुंबई सरकारकडे अर्ज केला. सरकारच्या उत्तराचा मतलब असा होता की, न्यायाच्या दृष्टीने मुलाचे म्हणणे रास्त आहे. परंतु त्यास आत घेतल्याने इतर जातींची मुले निघून जातील व शाळा बहुजनांस निरुपयोगी होईल, म्हणून सरकार त्यात पडू इच्छीत नाही. वाचकांनी या उत्तराचा नीट विचार करावा. न्याय कोणत्या बाजूस आहे हे उत्तर देणाऱ्यांस कळत होते. पिलातासही ते कळत होते, आणि तरी त्याने पाणी मागवून हात धुतले. पुढे १८५८ साली विलायतेतील कंपनीच्या संचालकांनी सरकारी शाळा सर्व वर्गांच्या लोकांस खुल्या आहेत असे कळविले. पण हुकूम एक आणि गावची वहिवाट दुसरी. अनेक ठिकाणी मुलाचे नाव हजेरीपटावर चढले, तरी त्याची जागा वर्गाबाहेर ओट्यावर किंवा पडवीतच राहिली.

त्याच दशकात पुणे शहरात ज्योतीराव व सावित्रीबाई फुले या दांपत्याने महार-मांगांच्या मुलांसाठी शाळा चालविल्या होत्या. त्यांच्या शाळेत तीन वर्षे शिकलेल्या, सुमारे चौदा वर्षांच्या मुक्ता नावाच्या मांग मुलीने महार-मांगांच्या दुःखाविषयी एक निबंध लिहिला. तो ‘ज्ञानोदय’ पत्राने १८५५ साली फेब्रुवारी व मार्च महिन्यांच्या अंकांत छापिला. हे पत्र अमेरिकन मराठी मिशनाने १८४२ साली अहमदनगरास सुरू केले होते, म्हणून आम्हां मिशन मंडळ्यांस या गोष्टीचे विशेष अगत्य असावे. त्या निबंधात मुक्ता सांगते की, वरच्या जातीच्या मुलांनी दगड मारून रक्त काढिले तरी आमची मुले तक्रार करीत नाहीत. कारण शिळेपाके अन्न मागण्यास त्यांच्याच दारी जावे लागते. चौदा वर्षांच्या मुलीने गुलामगिरीचे मर्म एका वाक्यात दाखविले. ज्याच्या दारी भाकर मागावयाची त्याच्याविरुद्ध साक्ष देता येत नाही. आणि शाळेने तिला काय दिले? स्वतःच्या भाकरीवर उभे राहून साक्ष देण्याचे बळ दिले.

यानंतर जवळजवळ पन्नास वर्षांनी साताऱ्याच्या शाळेत भीमराव आंबेडकर नावाचा मुलगा शिकत होता. त्यास बसावयास गोणपाटाचा तुकडा स्वतः घरून आणावा लागे व संध्याकाळी परत न्यावा लागे, कारण वर्ग झाडणारा नोकर त्या तुकड्यास शिवत नसे. तहान लागली तर शिपाई नळ सोडील तेव्हाच पाणी. शिपाई नसला तर तहान तशीच. हे त्यांनी पुढे स्वतः लिहून ठेविले आहे. १९२३ साली मुंबईच्या कायदेकौन्सिलाने बोले यांचा ठराव मंजूर केला. सार्वजनिक पैशांनी चालणाऱ्या विहिरी, तळी, धर्मशाळा, शाळा व दवाखाने अस्पृश्य मानलेल्या लोकांस मोकळे असावेत, असा तो ठराव होता. अखेर २६ जानेवारी १९५० रोजी भारताची राज्यघटना अमलात आली. तिच्या १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. कायद्याने ओटा मोडला. मनातील ओट्याविषयी पुढे बोलू.

२. शरणपूरची आफ्रिकी मुले

आता वाचकांस नाशिकास नेतो. तेथे आजही शरणपूर रोड नावाचा रस्ता आहे. त्यावरून रोज सहस्रावधी लोक जातात. पण हे नाव कोठून आले हे थोड्यांसच ठाऊक असेल. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास चर्च मिशनरी सोसायटीने नाशिकजवळ शरणपूर हे ख्रिस्ती गाव वसविले, आणि तेथे सोडविलेल्या आफ्रिकी मुलांसाठी आश्रम व शाळा चालविली. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून मनुष्ये पकडून गलबतांतून विकावयास नेत असत. इंग्रजी आरमाराच्या जहाजांनी अशी गलबते धरिली म्हणजे त्यांतील कित्येक मुले मुंबई बंदरात उतरविली जात. आईबाप मेलेले किंवा दुरावलेले, गावाचा ठावठिकाणा नाही, आपली भाषा बोलणारे कोणी नाही, अशी ती लेकरे. शरणपुरात ती लिहावयास वाचावयास शिकली, सुतारकाम व लोहारकाम शिकली, आणि तारणाऱ्याचे नाव शिकली. महार मुलास धारवाडच्या शाळेचे दार बंद होते, त्याच काळात विकलेल्या हबशी मुलांच्या हाती महाराष्ट्राच्या भूमीवर पाटी दिली जात होती.

या मुलांपैकी एकाचे नाव जेकब वेनराइट. तो जन्माने याओ लोकांपैकी. डॉ. डेव्हिड लिव्हिंगस्टन आफ्रिकेच्या अंतर्भागात होते तेव्हा त्यांच्या साहाय्यासाठी १८७२ साली जी माणसे पाठविण्यात आली, त्यांत शरणपुरात शिकलेले तरुण होते व जेकब त्यांपैकी एक होता. १ मे १८७३ रोजी चितांबो नावाच्या सरदाराच्या गावी डॉ. लिव्हिंगस्टन निवर्तले. त्यांचे हृदय सोबत्यांनी एका झाडाखाली पुरिले. त्या वेळी मृतसंस्काराची उपासना जेकबाने वाचिली आणि झाडाच्या खोडावर त्यानेच लेख कोरिला. नंतर चुमा व सूसी यांच्या पुढारीपणाखाली त्या आफ्रिकी माणसांनी शव सुकवून, बांधून, रानावनांतून सुमारे नऊ महिने वाहून समुद्रकाठी आणिले. त्यांतील चुमा हा काही काळ मुंबईस डॉ. जॉन विल्सन यांच्या मिशनच्या शाळेत शिकला होता. जेकब शवाबरोबर इंग्लंडास गेला, आणि १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये ज्यांनी ती शवपेटी नेली त्यांत तोही होता.

त्या थडग्याच्या दगडावर विश्वासू हातांनी हा देह जमिनीवरून व समुद्रावरून आणिला अशा अर्थाचा लेख आहे. हातांचा उल्लेख आहे. ते हात कोणाचे हे तेथे लिहिलेले नाही. थोर साहेबाचे नाव जन्मगावासह, तारखांसह दगडात राहिले. ज्यांनी त्यांस वाहिले त्यांची नावे दगडाबाहेर राहिली. इतिहासातही ओटा असतो, वाचकहो. काम आत घेतात आणि नाव बाहेर बसवितात. त्यांची जन्मनावे तर त्यापूर्वीच गेली होती. लिव्हिंगस्टनच्या शवाबरोबर चाललेल्यांपैकी मॅथ्यू वेलिंग्टन हाही शरणपूरचाच विद्यार्थी. आईने त्यास ठेविलेले नाव चेंगविंबे असे होते. दयेने वाढविणाऱ्यांनीही मुलाचे नाव राखण्याची गरज मानिली नाही, हेही पाठ शिकविताना प्रांजळपणे सांगितले पाहिजे.

शरणपूरच्या मुलांचे काम एवढ्यावर संपले नाही. विल्यम जोन्स व इश्माएल सेमलर हे दोघे १८६४ साली पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर सेवेस गेले. नाशिकचे मिशनरी रेव्ह. प्राइस यांनी १८७५ साली मोंबासाजवळ फ्रियरटाऊन ही सोडविलेल्या गुलामांची वसाहत बसविली, तेव्हा तेथे शिक्षक व कारागीर म्हणून शरणपूरची माणसे उपयोगी पडली. १८८५ साली बिशप हॅनिंग्टन यांनी जोन्स व सेमलर यांस डीकनपदाची दीक्षा दिली. त्याच वर्षी युगांडाच्या वाटेवर बिशपांचा वध झाला. तेव्हा मागे राहिलेल्या माणसांस सांभाळून परत आणणारा पुढारी विल्यम जोन्स हाच. गोदावरीच्या तीरी अक्षरे गिरविलेल्या मुलांनी केनियातील मंडळीचा पाया घालण्यास हात लाविला. आमच्या शब्बाथशाळांतील किती मुलांस हे ठाऊक आहे?

३. अमेरिकेतील एक शिक्षक

आमच्या देशातील जात आणि आफ्रिकी लोकांची गुलामगिरी या दोहोंची सांगड महाराष्ट्रात ज्योतीराव फुले यांनी घातली. त्यांचे ‘गुलामगिरी’ हे पुस्तक १८७३ साली निघाले. ज्या अमेरिकन लोकांनी काळ्या गुलामांस मुक्त केले त्यांच्या सन्मानार्थ ते अर्पण केलेले आहे. अमेरिकेत १८६५ साली गुलामगिरी कायद्याने बंद झाली होती. त्यापूर्वी तेथील कित्येक दक्षिणी संस्थानांत गुलामास वाचावयास शिकविणे हाच गुन्हा होता. पण बेड्या तुटल्यावरही शाळा वेगळ्या राहिल्या. आगगाडीच्या डब्यांविषयी चाललेल्या एका खटल्यात १८९६ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने सोय सारखी असली तर जागा वेगळी ठेवण्यास हरकत नाही असे ठरविले, आणि वेगळ्या शाळांस त्याचा आधार मिळाला. सोय मात्र सारखी कधीच नव्हती. काळ्या मुलांच्या वाट्यास मोडकी इमारत व जुनी पुस्तके येत. १७ मे १९५४ रोजी त्याच न्यायालयाने निकाल दिला की, सरकारी शाळांत मुले वर्णावरून वेगळी ठेविणे हीच विषमता आहे.

वेगळ्या शाळांच्या त्या काळात कार्टर वुडसन नावाचा एक शिक्षक होऊन गेला. १८७५ साली जन्मलेल्या या मुलाचे आईबाप पूर्वी गुलाम होते. तरुणपणी तो कोळशाच्या खाणीत राबला, उशिरा शाळेत गेला, आणि १९१२ साली हार्वर्ड विद्यापीठाचा डॉक्टर झाला. त्याने पाहिले की शाळेच्या पुस्तकांत आपल्या लोकांचे नाव नाही, आणि असले तर ओझे वाहणारे म्हणून. आपल्या पूर्वजांनी जगात काहीच केले नाही असे ज्या मुलास रोज शिकविले जाते, त्यास मागे बसविण्यास शिपाई लागत नाही. ते आपणहून मागे बसते. म्हणून वुडसनने १९१५ साली या इतिहासाच्या अभ्यासासाठी एक संस्था स्थापिली, व १९२६ सालापासून फेब्रुवारीतील एक आठवडा शाळांत हा इतिहास शिकविण्याची वहिवाट पाडिली. १९७६ पासून तो आठवडा पूर्ण महिन्याचा झाला.

डॉ. आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्क शहरी कोलंबिया विद्यापीठात शिकले. पुढे १९४६ साली त्यांनी काळ्या लोकांचे विद्वान पुढारी डू बॉइस यांस पत्र लिहिले आणि संयुक्त राष्ट्रांकडे काळ्या लोकांनी केलेल्या अर्जाची प्रत मागितली. डू बॉइस यांनीही आपुलकीचे उत्तर पाठविले. गोणपाटावर बसलेल्याने दूरदेशीच्या ओट्यावरील भावास ओळखिले. आपले दुःख नीट शिकलेल्या माणसास दुसऱ्याचे दुःख परके राहत नाही.

४. आता आमची पाळी

आम्ही ज्या नवी मुंबईत राहतो तेथे तुमच्यापैकी पुष्कळांची मुले कामास आलेली आहेत; कोणी तुर्भ्यास, कोणी ऐरोलीस, कोणी तळोज्यास. याच शहरात आफ्रिकेतून शिक्षणास व व्यापारास आलेली माणसेही राहतात. त्यांच्यापैकी कित्येक जण ख्रिस्ताचे नाव घेणारे आहेत. रस्त्याने जाताना त्यांच्या मागून ‘हबशी’, ‘काळ्या’ असे शब्द फेकण्यात येतात. एखाद्याने गुन्हा केला तर त्याचा डाग सगळ्यांस लाविला जातो, आणि खोली भाड्याने मागावयास गेले तर दार लोटून घेतात. मांगाने किंवा महाराने चोरी केली असे म्हणत सबंध वाड्याच्या अंगावर जाणारे गावकरी आमच्या वडिलांनी पाहिले आहेत. ती रीत आज दुसऱ्यावर चालताना पाहून त्यांच्या नातवंडांनी हसावे काय?

हबशी हा शब्द शिवी म्हणून वापरणाऱ्यास एवढेच विचारावे की, मलिक अंबर कोण होता? हबसाणात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला हा पुरुष अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर झाला. जमीनमहसुलाची त्याने लाविलेली व्यवस्था त्याच्यामागेही नावाजली गेली. १६२६ साली तो वारला व खुलताबादेस त्याची कबर आहे. नवी मुंबईचा काही भाग ज्या रायगड जिल्ह्यात मोडतो, त्याच जिल्ह्यात मुरुडजवळ जंजिऱ्याचा किल्ला आहे. आफ्रिकी वंशाच्या सिद्दींचे तेथील राज्य १९४८ पर्यंत टिकले. आफ्रिकी मनुष्य महाराष्ट्रास नवा नाही. नवे आहे ते आमचे विसरणे.

मिर्याम व अहरोन यांनी मोशेच्या कूशी बायकोवरून कुरकूर केली तेव्हा देवाचा राग कोणावर भडकला, ते गणनेच्या बाराव्या अध्यायात पाहावे. फिलिप्पाची कथा तर याहून गोड आहे. तो कूशी अधिकारी शास्त्र वाचीत रथात बसला होता. त्यानेच फिलिप्पास वर बोलावून आपल्याजवळ बसविले. प्रवासी उपदेशकास शेजारी जागा देणारा हा आफ्रिकी मनुष्य, पौल युरोपात पाऊल ठेवण्यापूर्वीच बाप्तिस्मा घेऊन आनंद करीत आपल्या देशी गेला. याकोबाने ज्या पापाविषयी मंडळीस धरिले ते बसण्याच्या जागेचेच पाप होते. चांगल्या वस्त्राच्या मनुष्यास चांगले आसन द्यावयाचे, आणि गरिबास उभे राहा किंवा खाली बस म्हणावयाचे. प्रभूच्या घरात ओटा घालणे हे नियमशास्त्र मोडण्यासारखे आहे, असा त्याच्या म्हणण्याचा भाव आहे. ज्या मंडळीत सोयरीक जुळविताना अजून महार-मांग पाहिले जाते, तिने हा शास्त्रभाग दोनदा वाचावा.

५. शिक्षकांस व उपदेशकांस सूचना

हा पाठ शिकविताना दोन खड्डे टाळावेत. पहिला खड्डा द्वेषाचा. धारवाडच्या गोष्टीवरून आजच्या शेजाऱ्याच्या मुलाशी भांडण काढणे हे शिक्षण नव्हे. ज्याने अन्याय केला त्याच्याही नातवंडास हा इतिहास प्रेमाने सांगितला पाहिजे, कारण तोही त्याचाच आहे. दुसरा खड्डा केवळ कींव करण्याचा. मुलांस नुसते गोणपाट दाखवू नका. मुक्तेची लेखणीही दाखवा. गलबत सांगाल तर जेकबाने कोरिलेला लेखही सांगा.

मंडळीतील म्हाताऱ्या स्त्रीपुरुषांस या महिन्यात एके रविवारी वर्गात बोलवावे, आणि ती कोणत्या शाळेत, कोठे बसत, पाणी कोण देई, प्रथम आत कोणी बोलाविले, हे मुलांनी त्यांस विचारून वहीत लिहून घ्यावे. नावे, गाव व साल न विसरता लिहावे. मुक्ता लिहावयास बसली नसती तर तिचे दुःख तिच्याबरोबरच पुरले गेले असते. या वृद्धांबरोबरही एक एक पुस्तक मातीत जात आहे.

प्रश्न

१. मुले विचारतील तेव्हा बापांनी काय सांगावे असे निर्गमाच्या बाराव्या अध्यायात आहे?
२. धारवाडच्या मुलास सरकारने दिलेल्या उत्तरात न्याय कोठे होता व भय कोठे होते?
३. शरणपूरच्या कोणत्या विद्यार्थ्याने डॉ. लिव्हिंगस्टन यांच्या मृतसंस्काराची उपासना वाचिली? थडग्यावर कोणाची नावे नाहीत?
४. आपल्या गावात, आपल्या मंडळीत आज ओट्यावर कोण बसला आहे? त्यास आत बोलाविण्याचे काम या आठवड्यात कोण करील?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर वहीत लिहून भागणार नाही. ज्याने आम्हां दूर असलेल्यांस आपल्या रक्ताने जवळ आणिले व मधली भिंत पाडिली, तो प्रभू येशू ते उत्तर आमच्या हातापायांनी देण्यास आम्हांस साहाय्य करो. आमेन.